पावणेपाचला थांबलेलं प्राग

१

प्रागमध्ये त्या दिवशी उणे सहा होतं, आणि जनार्दनचा स्वेटर रुसैलच्या कामगार-कॅम्पात खुंटीला लटकत होता.

मी खोलीच्या दारात उभा राहून त्या स्वेटरकडे बघत राहिलो. तपकिरी, छातीवर दोन पांढरे पट्टे. माझ्या दुकानात अगदी तसाच एक आहे, पिशवीतून न काढलेला. रुवी बाजारातल्या एका सेलमध्ये आम्ही दोघांनी एकदमच घेतले होते. ओमानमध्ये स्वेटर घेणारे दोन म्हातारे! दुकानदार तोंडावर हसला होता.

माझं नाव जहूर. मूळ पावसकडचा. मस्कतमधल्या हमरियात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक पंखा आणि पाठीमागे भिंत. जनार्दन देवरुखचा, रुसैलच्या एका डब्यांच्या कारखान्यात प्रेस मशीनवर सव्वीस वर्षं. दहा दिवसांपूर्वी, गुरुवारची शेवटची पाळी करून, तो रजेवर प्रागला गेला. निदान सगळे तसंच म्हणत होते.

खोलीत एकनाथ होता. लांज्याचा, कॅम्पच्या मेसमध्ये स्वयंपाकी. कांदे सोलत पलंगावर बसला होता, कारण मेसमधला पंखा बंद होता आणि तो दुरुस्त करायला कंपनीला सवड नव्हती.

"गेला तेव्हा तू होतास?" मी विचारलं.

"मी मेसमध्ये नाय का, जहूरभाई? दोनशे माणसांचं रांधतो. पाळीवरून सुटून खोलीत येईल, बॅग घेईल, मला सांगून जाईल, असं वाटलं होतं. पण बॅग घ्यायला प्रशांतसाहेब आले. म्हणाले, उशीर झालाय, तो खाली गाडीत बसलाय."

"आणि मुनीर?" मुनीर हा खोलीतला तिसरा. श्रीवर्धनचा, कंपनीची बस चालवतो.

"तो लय उशिरा आला. सांजच्याला बस धूत बसला होता. मी म्हटलं, गुरुवारी कशाला, बस तर शनिवारी धुतात. तर माझ्यावरच खेकसला."

मी वाकून पलंगाखाली बघितलं. बुटांचं खोकं होतं. आत जनार्दनचे नवे बूट, कागदही न काढलेले. प्रागच्या दगडी रस्त्यांवर चालायला म्हणून त्याने तीन महिने आधी घेतले होते आणि दर शुक्रवारी मला खोकं उघडून दाखवत होता.

"त्याचे कामावरचे बूट कुठायत, एकनाथ? लोखंडी टोकाचे?"

एकनाथने खोलीभर बघितलं. सुरी हातातच राहिली.

"ते नायत," तो म्हणाला.

सेफ्टी बूट घालून, स्वेटर मागे ठेवून, हिवाळ्यात युरोप बघायला कोण जातं?

२

आता माझी लाज सांगतो. लपवून उपयोग नाही.

नऊ वर्षं दर शुक्रवारी, माझी नमाज झाली की, जनार्दन हमरियात यायचा. जोहरा जाऊन मला सहा वर्षं झाली. मुलं नाहीत. त्याची बायकोही गेलेली, मुलगी पूर्वा तिकडे रत्नागिरीत नोकरीला. चहा पिऊन बोलायचं तरी काय? एकदा मी त्याला प्रागच्या जुन्या चौकातल्या घड्याळाचं चित्र दाखवलं. सहाशे वर्षांचं घड्याळ. तास भरला की हाडांचा सापळा घंटा ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. जनार्दन म्हणाला, "हे आपण बघायचं."

मग वही आली. दोनशे पानी. 'प्राग, बारा दिवस' असं त्याने वर लिहिलं. काय बघायचं, कुठून ट्राम धरायची, तिकिटावर शिक्का कुठे मारायचा. चार्ल्स पुलावर पहाटे जायचं, तीस पुतळे आणि धुकं, माणसं नसतात तेव्हा. बावीस नंबरच्या ट्रामने किल्ल्यावर. बाराच्या ठोक्याला पहारा बदलतो तो बघायचा. व्हल्तावा नदीत होडी. माझ्यासाठी हलालची हॉटेलं, त्याच्यासाठी गुरुवारी चालतील अशी. एक पाळीला जाताना मोजून बसमध्ये कोंबला जाणारा, दुसरा एका काउंटरएवढ्या दुकानातला, आणि आम्ही बसून युरोपच्या राजधानीतलं आमचं वेळापत्रक ठरवत होतो. हसा हवं तर.

डिसेंबरात त्याला व्हिसा मिळाला. मला नाकारला. कारण एका ओळीत, त्यातही माझं नाव चुकलेलं.

तो म्हणाला, "जहूर, मी यंदा रिटायर होतोय. पुढच्या वर्षी मी देवरुखला असेन. जाऊन येतो."

मी म्हणालो, "जा. मग मला तोंड दाखवू नकोस."

असं मी म्हणालो. नऊ वर्षांच्या मित्राला.

प्रागहून त्याचे रोज मेसेज येत होते, मला आणि पूर्वाला सारखेच. मी एकही उघडला नाही. वाचून उगाच जळायचं कशाला? त्याच्या नावापुढे हिरव्या गोळ्यात आकडा वाढत गेला. नऊ झाला.

रविवारी सकाळी पूर्वाचा फोन आला. "जहूरकाका, बाबा दहा दिवस फोन उचलत नाहीयेत. रोमिंग लागतं म्हणतात. नुसते मेसेज, तेही टाइप केलेले. बाबा कधी टाइप करतात का? ते तर आवाजच पाठवतात! फोटोही सगळे नुसते इमारतींचे. आणि आज तर काहीच नाही. तुम्ही वाचताय ना मेसेज?"

"रोज वाचतो," मी म्हणालो.

खोटं बोललो आणि रुसैलची टॅक्सी पकडली. आता ते बूट मांडीवर घेऊन, एकनाथच्या कांद्याच्या वासात, बारा वाजून दहा मिनिटांनी मी ते नऊ मेसेज उघडले.

पहिल्यालाच माझा हात थांबला.

३

शुक्रवारचा मेसेज: "पोचलो. सकाळी आठला चौकात गेलो. घड्याळातले बारा प्रेषित फिरताना पाहिले."

शनिवारचा: "आज ज्यू वस्तीतलं म्युझियम आणि जुनी दफनभूमी पाहिली."

रविवारचा: "सकाळी ट्राममध्ये ऑफिसला जाणाऱ्यांची तोबा गर्दी. उभ्याने किल्ल्यावर गेलो."

ती वही माझ्या पिशवीत असते. ती उघडायचीही गरज नव्हती. ते प्रेषित सकाळी नऊच्या आधी फिरत नाहीत. ती ओळ माझ्या अक्षरात आहे. ज्यू म्युझियम शनिवारी बंद. ती ओळ जनार्दनच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारलेल्या. आणि रविवारी युरोपात ऑफिसं बंद असतात. रविवारी कामावर जातो तो इथला माणूस. आम्ही! शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी बस. वीस-वीस वर्षं इथे काढलेल्याच्या हाडात ते मुरलेलं असतं.

म्हणजे हे लिहिणारा प्रागमध्ये नव्हता. ओमानमध्ये बसून लिहीत होता. आणि मला वाटलं, तो जनार्दनही नव्हता, कारण जनार्दन झोपेतसुद्धा या तीन चुका करणार नाही.

मी स्वेटर पिशवीत घातला आणि प्रशांतच्या केबिनकडे निघालो.

प्रशांत कॅम्प-इनचार्ज. चिपळूणचा, पस्तिशीचा. गणपतीत आरतीचं ताट याच्याच हातात असतं. एसी इतका लावलेला की काचेवर पाणी जमलं होतं.

"या, या, जहूरचाचा! काय, कुणाचं घड्याळ बिघडलं?"

"जनार्दनची काही खबर?"

"मजेत आहे म्हातारा. फिरतोय. आणि तिथूनच तो थेट इंडियाला जाणार आहे. शुक्रवारचं तिकीट. इथला व्हिसा आम्ही कॅन्सल करतोय, रिटायर व्हायचंच होतं ना? खलास."

"सामान न घेता?"

"सामान पार्सल करू. चाचा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी स्वतः त्याला एअरपोर्टला सोडलाय."

"थंडी फार आहे म्हणे तिकडे."

प्रशांत मोठ्याने हसला. "अहो, इथूनच स्वेटर घालून बसला होता गाडीत! तपकिरी, पट्ट्यांचा. मी म्हटलं, काका, मस्कतमध्ये उकडून मराल."

माझ्या पिशवीत तो स्वेटर होता. पिशवी माझ्या पायाशी, प्रशांतच्या बुटापासून वीतभर लांब.

घड्याळ उघडल्यावर तुटलेला दात दिसला की लगेच चिमटा घालायचा नसतो, आधी बाकीची चाकं बघायची.

"शुक्रवारी इंडियात पोचेल ना नक्की?" मी विचारलं.

"इन्शाल्ला," प्रशांत म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता.

४

बाहेर उन्हात येऊन मी कंपाउंडच्या भिंतीला टेकलो. मला वाटत होतं, जनार्दन मेलाय. मेलाय आणि हा आरतीवाला त्याच्या फोनवरून प्राग लिहितोय.

मग मी उरलेले मेसेज वाचले. सोमवार ते शुक्रवार तसलंच, होडी, टेकडी, गोड गोल पाव. शेवटचा शनिवारचा होता, कालचा.

"आज हॉटेलच्या खिडकीतून घड्याळ बघत बसलोय. पावणेपाचला थांबलंय. दुरुस्त करणारा चार महिन्यांमागे शिडीवर चढून गेला, पार्ट घेऊन येतो म्हणाला, आणि आता रुसून बसलाय. लवकर आला तर बरं."

मी तो तीनदा वाचला.

प्रागचं घड्याळ चालू आहे. पावणेपाचला थांबलेलं घड्याळ अल खौदमध्ये आहे, एका बंद पडलेल्या फर्निचर-शोरूमच्या कपाळावर. ते दिसेल अशी एकच खिडकी, त्याच शोरूमच्या वरच्या मजल्यावरची. कंपनीच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, मला दुरुस्तीला बोलावलं होतं. ऑक्टोबरात मी शिडीवर चढलो, खाली शिडी धरून कोण उभं होतं? जनार्दन. मी म्हणालो होतो, पार्ट घेऊन येतो. मग व्हिसाची भानगड झाली आणि माझं कशातच लक्ष राहिलं नाही.

हे प्रशांतला माहीत असणं शक्य नव्हतं. दुनियेत दोनच माणसांना माहीत होतं. एक मी.

म्हणजे लिहिणारा जनार्दनच. जिवंत. आणि त्याच्या तिन्ही चुका मुद्दाम केलेल्या. कुणीतरी त्याच्या डोक्यावर उभं राहून प्रत्येक मेसेज वाचून मगच जाऊ देत होतं, म्हणून त्याने अशा चुका निवडल्या ज्या त्या माणसाला दिसणार नाहीत. प्रशांतला प्राग काय ठाऊक? आणि रविवारी ऑफिसला गर्दी, यात त्याला खटकणार काय? तो स्वतःच रविवारी ऑफिसात बसतो.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली होती. एकाच माणसासाठी. आणि तो माणूस हमरियात तोंड फुगवून बसला होता.

५

मुनीर बसमध्ये होता, दोनची पाळी न्यायला थांबलेला. सीटवर पाय टाकून मोबाइल बघत होता. मी आत चढलो.

"जहूरभाई! इकडे कुठं?"

मी उत्तर न देता मागे चालत गेलो. सगळ्या सीटांची कव्हरं निळी, विटलेली. तिसऱ्या रांगेत एक कोरं.

"हे कधी बदललंस?"

"फाटलं होतं."

"गुरुवारी?"

मुनीर उठून बसला. मी पिशवीतून स्वेटर काढला आणि त्या कोऱ्या सीटवर घडी करून ठेवला.

"मुनीर, तुम्ही एका खोलीत सात वर्षं राहिलात. तुझ्या लेकीच्या, सफूराच्या निकाहला त्याने स्वतःच्या हाताने गुलाबजाम केले होते. त्याचा कुठला हात गेला?"

मला हात माहीत नव्हता. पण प्रेस मशीनवरचा माणूस, कामाचे बूट पायात, सीटवर रक्त. दुसरं काय जातं?

मुनीरने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"उजवा," तो म्हणाला. "तीन बोटं चेचली. मशीनची जाळी काढून ठेवली होती, काम फास्ट व्हावं म्हणून. प्रशांतनंच सांगितलं होतं काढायला. मला म्हणाले, हॉस्पिटलला ने. खुदा कसम, जहूरभाई, मी हॉस्पिटललाच निघालो होतो. रस्त्यात फोन आला. वळव. या वर्षातला तिसरा अपघात, तपासणी लागली तर लाइन बंद होईल. म्हातारा तसाही रजेवर आहे, बारा-चौदा दिवस त्याला कुणी शोधणार नाही."

"आणि तू वळवलीस."

"माझा व्हिसा..."

"वळवलीस."

"एक कंपाउंडर येतो पट्टी बांधायला. जखम भरली की थेट विमानात. कागदावर लिहून घेतलंय, हात प्रागमध्ये दारात चेमटला म्हणून. नाही लिहिलं तर मशीन मोडल्याची केस टाकू म्हणाले." त्याने वर बघितलं. "काल डबा द्यायला गेलो तर अंग भाजत होतं त्याचं. आज मी गेलोच नाही. माझ्यानं बघवत नाही."

बघवत नाही! ही आमची नाजूक मनं. कुणाला बघवत नाही, कुणाला वाचवत नाही.

"अल खौद, फर्निचरचं शोरूम, वरचा मजला," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. यल्ला, चालव."

"पण दोनची पाळी..."

"मुनीर, चालव बस."

त्याने चालवली. पन्नास सीटांची बस, आत दोन माणसं आणि एक स्वेटर. गेटवर वॉचमन हात वर करून धावला. मुनीर थांबला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

६

जिना मागच्या बाजूला होता. किल्ली मुनीरकडे होती. दार उघडताच वास आला. तो वास एकदा आला की कळतं.

जनार्दन गादीवर भिंतीकडे पाय करून पडला होता. उजवा हात टॉवेलच्या गाठोड्यासारखा. पायात तेच लोखंडी टोकाचे बूट; एका हाताने नाड्या सोडता आल्या नव्हत्या आणि दहा दिवसांत कुणी सोडूनही दिल्या नव्हत्या. समोर खिडकी. खिडकीत, काटकोनात वळलेल्या दर्शनी भिंतीवर, ते घड्याळ. पावणेपाच.

मी त्याच्याजवळ बसलो. त्याने डोळे उघडले. ताप इतका की बुबुळं चकाकत होती.

"पार्ट आणलास?" तो म्हणाला.

मी आधी त्याच्या नाड्या सोडल्या. मग मुनीरने त्याला पाठीवर घेतलं. एवढा दणकट माणूस, पण जिना उतरताना हुंदके देत होता. जनार्दन त्याच्या पाठीवरून म्हणाला, "हळू, गाढवा. डबा विसरलास आज."

पोलीस आले, ते कसे आले, कागद कुणी केले, कुठल्या साहेबाने कुणाला फोन केले, ते सांगत बसत नाही. मुनीरने सगळं जसंच्या तसं सांगितलं. प्रशांत म्हणत होता की त्याने फक्त वरून आलेला हुकूम पाळला. असेल. वरचे असतातच हुकूम द्यायला. पण बॅग घेताना खुंटीवर पाहिलेला, जनार्दनच्या अंगावर नसलेला स्वेटर कुणी वरून सांगितला नव्हता. तो त्याने स्वतः, हसत हसत, घातला होता.

७

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई केरळच्या. हिंदीत बोलल्या. दोन बोटं काढावी लागली, तिसरं वाकणार नाही. चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर तिन्ही वाचली असती.

चार-पाच दिवस. मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून हिशेब केला. प्रेषितांचा मेसेज दहाव्या दिवशी नव्हे, पहिल्या दिवशी आला होता.

पूर्वा दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आली. माझे हात धरून रडली. "काका, तुम्ही रोज वाचत होता म्हणून बरं झालं," म्हणाली.

जनार्दन पलंगावरून आमच्याकडे बघत होता. ती औषधं आणायला गेली तेव्हा म्हणाला, "तिला नको सांगूस."

"काय?"

"रोज पाच मिनिटं फोन हातात मिळायचा. प्रशांत बाजूला बसायचा. मेसेज लिहायच्या आधी मी तुझं नाव उघडून बघायचो." तो खिडकीकडे बघत होता. "मेसेजखालच्या टिका करड्याच. रोज करड्या. पूर्वाच्या निळ्या, तुझ्या करड्या. पाचव्या दिवशी वाटलं, तू आजारी असशील. सातव्या दिवशी कळलं, आजारी नाहीस."

मी पलंगाशेजारचं स्टूल ओढून बसलो.

"मग घड्याळाचं का लिहिलंस?" मी विचारलं.

"दुसरं कोण होतं?" जनार्दन म्हणाला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पूर्वा त्याला घेऊन देवरुखला गेली. विमानतळावर त्याने डाव्या हाताने मला सलाम केला, मिठी नाही मारली. वही माझ्याकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी अल खौदला गेलो, शिडीवर चढलो, पार्ट बसवला. शिडी धरायला मुनीर आला होता. नोकरी गेली, केस चालू आहे, तोवर इथेच आहे. घड्याळ चालू झालं. खाली रस्त्यावरच्या एकाही माणसाने वर बघितलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की मी वहीतली एक ओळ जनार्दनला पाठवतो. पुलावर पहाटे जा, माणसं नसतात. प्रेषित नऊच्या आधी फिरत नाहीत. म्युझियम शनिवारी बंद, खाली दोन रेघा. रविवारी रस्ते रिकामे.

टिका करड्याच आहेत.

पूर्वा सांगते, बाबा बरे आहेत, डाव्या हाताने जेवतात, फोन सारखा जवळ घेऊन बसतात. म्हणजे मेसेज पोचतात त्याला, उघडत नाही. तो मोजतोय, मला माहीत आहे. मी नऊ दिवस घेतले. तोही नऊ घेईल.

आज आठवा.